डाव्या हातातली बाही

सर, काल क्लासमध्ये एका बारा वर्षांच्या पोरीच्या थोबाडीत ठेवून द्यायला माझा हात वर गेला होता. वरच राहिला, खाली आला नाही, एवढंच. तुम्ही असता तर म्हणाला असता की या बयेचं डोकं चाळिशी उलटली तरी थंड व्हायचं नाही. पहिल्याच वर्षी तुम्ही माझ्या बाबांना सांगितलं होतंत, पोरीत दम आहे पण राग नाकाच्या शेंड्यावर आहे, तो गादीवर उतरवला तर काहीतरी होईल. उतरवला, सर. कसा उतरवला ते तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून आज लिहायला बसलेय.

आता मी बंगळूरलाच, सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ज्युडो शिकवते. योगावाल्या बायका गेल्या की आम्ही निळ्या मॅट जोडतो. पोरं सगळी आयटीवाल्यांची. पुण्याकडचे, नागपूरकडचे आईबाप माझं मराठी ऐकून हरखतात, माझ्या बेळगावी हेलाला जरा हसतात आणि मग प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो, आठवड्यातून किती दिवस पाठवलं तर प्रोग्रेस दिसेल. मी तुमचं उत्तर देते. एक दिवस आलं तर शिकलेलं पुसून जातं, दोन दिवस आलं तर टिकतं, तीन दिवस आलं तर पुढे सरकतं, आणि तिनाच्या वर नको, कारण थकलेल्या बोटांना पकड राहत नाही. माझ्या सरांचा नियम आहे म्हणते. लोक माना डोलवतात. तो नियम कुठून आला हे मी कुणाला सांगत नाही. तुम्ही मात्र प्रत्येक पालकाला सांगायचात, आणि मी शेजारी खाली मान घालून उभी असायचे.

कारण तुमचा नियम आधी तीनचा नव्हताच, सहाचा होता. सोमवार ते शनिवार, सकाळी सहाला कोरमंगल्याच्या त्या पत्र्याच्या हॉलमध्ये. आता तिथे खाली बर्गरचं दुकान आणि वर मुलींचं पीजी आहे. परवा ऑटोतून जाताना पाहिलं, ओळखूसुद्धा येत नाही. त्या हॉलमधली आपली गादी म्हणजे ताडपत्रीखाली भुसा. पहिल्या महिन्यात माझ्या दोन्ही कोपरांची सालटं निघाली. मानेवर कॉलर घासून जळल्यासारखी रेघ उठली, ती कॉलेजात ओढणीखाली लपवायची. एकदा समोरच्याच्या डोक्याने माझा ओठ फाटला तर तुम्ही कापूस कोंबलात आणि म्हणालात, उभी राहा. आणि मला ते सगळं आवडायचं, सर. खोटं कशाला बोलू? एखाद्याला पाठीवर घेऊन उलटं करून आपटलं की पत्रे हादरायचे, आणि त्याच्या छातीतली हवा हुप्पकन बाहेर पडायची, त्या आवाजासाठी मी पहाटे उठायचे. तुम्ही ताकदीचं कौतुक कधी केलं नाहीत. तुमचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे. फेकताना समोरच्याची बाही डाव्या हातात शेवटपर्यंत धरायची, तो पडत असताना वर ओढून धरायची, म्हणजे त्याचं डोकं वर राहतं आणि तो पाठीवर पडतो. तुम्ही म्हणायचात, उजव्या हाताने कुणीपण आपटतंय, डावा हात सोडला नाही त्यालाच मी ज्युडोवाला म्हणतो.

माझ्या चौथ्या वर्षी ती आली. आनेकलची, शेतकऱ्याच्या घरची, पहिली बस पकडून यायची. मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकं, मला अक्का म्हणायची. लहानपणापासून पाण्याच्या घागरी उचललेली पाठ ती. आठ महिन्यांत मला पाडायला लागली. आधी कधीतरी, मग रोज, मग एका सकाळी तीन-तीन वेळा. दोघी बावन्न किलोच्या आतल्या गटातल्या, आणि राज्याच्या निवडीला आपल्या हॉलमधून त्या गटात एकच नाव जाणार होतं. तुम्ही काही बोलला नव्हतात, पण तुमचे डोळे तिच्यामागे फिरायचे ते मला दिसायचं. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

निवडीच्या आठवड्यातला गुरुवार. तिने मागून माझ्या गळ्यात हात घालून कॉलर आवळली. मी दोनदा तिच्या दंडावर थापटी मारली. थापटी मारली की सोडायचं, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं. तिने सोडलं नाही. किंवा तिला लागली नाही. शुद्धीवर आले तेव्हा वर पंखा फिरत होता, तुम्ही माझे पाय उचलून धरले होते आणि माझी पँट ओली झाली होती. सगळ्यांसमोर. भिंतीकडचे दोघं हसले. ती मात्र स्वतःच्या टॉवेलने ताडपत्री पुसत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, अक्का, गोत्तागलिल्ला, मला कळलंच नाही. खरंच कळलं नव्हतं की काय, ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी मात्र मला ते माहीत करून घ्यायचंच नव्हतं.

मग शनिवार. तुम्ही दोघींना समोरासमोर उभं करता. ती वाकून नमस्कार करते, मीही करते. ती पहिल्यांदा पाय घालते, मी वाचते. दुसऱ्यांदा ती मला ओढते आणि तिचा तोल एक इंच पुढे येतो. मी वळते, उजवा हात तिच्या काखेत, डाव्या हातात तिची बाही, पाठ तिच्या पोटाला, गुडघे सरळ. ती उचलली जाते. इतकी स्वच्छ फेक माझ्या हातून आधी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही. ती माझ्या खांद्यावरून खाली येत असताना बाही हातातून गेली. धरायला काही नाही म्हणून तिने जमिनीवर हात टेकला आणि सगळं अंग त्या हातावर आलं. ओलं लाकूड मोडतं तसा आवाज झाला. कोपर उलट्या बाजूला वळलं होतं, कातडीच्या आतून हाड वर आलं होतं. ती ओरडली नाही. आपल्याच हाताकडे बघत राहिली आणि मग तिने उलटी केली.

कुणीतरी ऑटो आणायला पळालं. तुम्ही लाकडी पट्टीला तिचा हात बांधलात आणि मग माझ्याकडे आलात. इतक्या जवळ की तुमच्या श्वासाला कॉफीचा वास होता. "खरं सांग. बाही निसटली, का सोडलीस?"

"निसटली, सर."

तुम्ही माझा डावा हात उलटा करून पाहिलात. तीन बोटांना चिकटपट्ट्या, नखांखाली रक्त साकळलेलं, सहा दिवसांच्या सरावाचं. तुमचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही माझी बोटं दाबलीत, सोडलीत आणि म्हणालात, माझंच चुकलं. मला तेव्हा हायसं वाटलं, सर. एवढं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये तिचे वडील आले ते शेतातूनच, पायाला चिखल. त्यांनी काही न विचारता तुमच्या कानशिलात लगावली. मग दुसऱ्या गालावर. तुमचा चष्मा उडाला. तीन-तीन गड्यांना लोळवणारा माणूस तुम्ही, पण दोन्ही हात पाठीमागे धरून उभे राहिलात. त्यांनी तिसरी मारली तेव्हा तुमच्या नाकातून रक्त आलं. तुम्ही एवढंच म्हणत होतात, तप्पु नंदे, चूक माझीच, मी पोरांना सहा-सहा दिवस राबवलं, हिची बोटं थकली होती. मी दोन हातांच्या अंतरावर पाण्याची बाटली घेऊन उभी होते. तोंडातून शब्द काढला असता तर तो मार माझा होता. मी चष्मा उचलून दिला. एक काच तडकली होती.

राज्याच्या निवडीला मीच गेले. पहिल्याच लढतीत धारवाडच्या मुलीने मला मिनिटाच्या आत आपटलं, समोरचा दात अर्धा तुटला. परत आले तर हॉलच्या दारावर तुमच्या हाताने लिहिलेली पाटी होती, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आपल्यातले ज्यांना पुढे खेळायचं होतं ते कुरकुरले, तीन दिवसांत राज्य कसं गाठणार म्हणाले, आणि वर्षभरात एकेक करून दुसरीकडे गेले. तुम्ही हटला नाहीत. नव्या पालकांना बसवून सांगायचात, माझ्या हातून एका लेकराचा हात गेलाय, दुसऱ्या लेकराच्या बोटांतली ताकद मी संपवली होती म्हणून. आणि माझ्याकडे मायेने बघायचात. नियम वाईट नव्हता, हे मला शिकवायला लागल्यावर कळलं. तीन दिवसवाल्या पोरांचे गुडघे टिकतात, ती कंटाळत नाहीत, दहा वर्षं येत राहतात. पण तुम्ही तो नियम म्हणून केला नव्हतात, तुम्ही स्वतःला शिक्षा केली होतीत. आणि मी ती तुम्हाला भोगू दिली.

शेवटचं भेटलो ते तुमच्या स्वयंपाकघरात. तुमचं एक अंग गेलं होतं, काकू तुम्हाला खुर्चीत टेकवून अवलक्की, मऊ भिजवलेले पोहे, भरवत होत्या. तुम्ही चांगल्या हाताने माझा डावा हात ओढून घेतलात आणि बोटं एकेक करून चाचपलीत. "दुखत्यात काय गं अजून?" मी म्हटलं, थंडीत, स्वल्प. कधीच दुखली नव्हती, सर. दीड महिन्याने तुम्ही गेलात, त्यालाही चौदा वर्षं झाली.

तर काल. दोन पोरी, वर्गातल्या मैत्रिणी. एकीने दुसरीला फेकलं आणि मधेच बाही सोडली. दुसरी मानेवरच पडायची, खांद्यावर निभावली. पहिलीच्या तोंडावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. जवळ जाऊन विचारलं, निसटली की सोडलीस? ती म्हणाली, स्लिप झाली मॅम. तेव्हा माझा हात वर गेला. ती दचकून मागे सरली आणि मला माझा हात दिसला, डावाच होता. तेवढ्यात तिचे बाबा न्यायला आले, पुण्याचे, भला माणूस. पडलेली पोर रडताना पाहून घाबरले आणि आपणहूनच म्हणाले, मॅम, ही थकतेय का? तुम्ही नको म्हणत असताना मीच हट्टाने चार दिवस पाठवतोय, जास्त होतात का? तीनच करू या का?

माझ्या तोंडात हो आलं होतं. मी म्हटलं, दिवसांचा काही संबंध नाही, तिला विचारा. ती पोरगी माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम भोकाड पसरून म्हणाली, "सोडली मी. ती मला रोज पाडते आणि हसते." बारा वर्षांची पोर, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत तिला. बापाने तिला रागे भरलं, मग पोटाशी धरलं. दोघी जाताना लिफ्टमध्ये एकमेकींशी बोलत नव्हत्या, पण उभ्या शेजारी होत्या.

सर, माझी बोटं थकली नव्हती. पकड घट्ट होती, इतकी घट्ट की तिच्या बाहीची शिवण माझ्या तळहातावर उमटली होती. ती हवेत असताना मला पंखा आठवला, ओली पँट आठवली, आणि मी चारही बोटं उघडली. तिचा हात मोडावा असं ठरवलं नव्हतं. पण लागावं, जोरात लागावं, हे ठरवलं होतं. तुम्ही खाल्लेल्या तिन्ही थपडा माझ्या होत्या.

हे तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही कुठून उत्तर देणार? ती आहे अजून. आनेकललाच असते, तिचा तो हात आजही सरळ होत नाही, वेणी घालायला मुलगी लागते. दर उगादीला मला मेसेज करते, अक्का, बरी आहेस ना? मी हात जोडलेलं चित्र पाठवते. आज सकाळी मी तिला फोन लावला. तिने उचलला, अक्का म्हणाली, आणि मी चुकून लागला असं म्हणून ठेवून दिला.