खिडकीतली पट्टी

३ मार्च, सोमवार. सकाळ.

सगळ्यांत आधी आली ती समोरची शिवणवाली. गळ्यात टेप तसाच, दाताखाली टाचणी. म्हणाली, आजी, तुमचा मुलगा टीव्हीवर दिसतोय! मला कोण आनंद! आमच्या घरातलं आजवर कुणी टीव्हीवर आलेलं नाही. धावतच गेले, म्हणजे गुडघे देतील तेवढं. तो सांभाळतो तो पार्कातला रोलर कोस्टर दाखवत होते आणि मागे माझा लेक, कामाच्या निळ्या कपड्यांत, डोक्याला हात लावून बसलेला. म्हटलं, बघा, अजून केस किती दाट आहेत. शिवणवालीने तोंड फिरवलं. मत्सर, दुसरं काय.

मग कळलं की शेवटचा डबा रुळावरून उचलला गेला. एक बाई खाली पडली. दवाखान्यात आहे. होईल बरी. हल्लीचे डॉक्टर हुशार असतात.

आजपासून रोज लिहायचं. नातीची अर्धी कोरी वही मिळालीय. साखर बंद. बोलणं कमी.

४ मार्च. दुपार.

लेक घरी. कामावर येऊ नकोस म्हणाले. बरंच झालं, बारा वर्षांत धड रजा नाही घेतली त्याने. जेवला नाही. सून म्हणाली, आई, त्यांना काही विचारू नका. मी कुठे विचारते? चारदाच विचारलं.

चहात एकच चमचा साखर. ती धरायची नाही.

५ मार्च.

मी चौथीपर्यंत शिकले, पण ती गाडी रुळावर कशी राहते ते मला पाठ आहे. लेकानेच माझ्या पलंगाच्या कठड्यावर दाखवलं होतं. एका रुळाला तीन चाकं. एक वर, ते वजन घेतं. एक बाजूला, ते वळणावर सांभाळतं. आणि एक रुळाच्या खाली. उंचवट्यावरून गाडी सुटली की माणसं सीटवरून उचलली जातात, पोटात गोळा येतो. तेव्हा डबासुद्धा वर जायला बघतो. मग खालचं चाक रुळाला खालून टेकतं आणि म्हणतं, कुठे निघालास? दिवसभर त्याला काम नाही. दोन क्षणांपुरतं काम. पण तेच नसलं तर सगळं गेलं.

मी म्हटलं, म्हणजे या घरात मी. तेव्हा किती हसला होता.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ.

आज पाहुणे! चौकशीच्या ऑफिसातल्या मॅडम आणि एक लिहून घेणारा, बारीकसा. लेक आणि सून वकिलाकडे गेलेले. मी म्हटलं, बसा, चहा टाकते. इतक्या गोड बाई! मी बोलते आणि त्या ऐकतात. या घरात कुणी माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही.

त्यांना माझ्या खोलीत नेऊन मी तीन चाकं पलंगाच्या कठड्यावर करून दाखवली. अंगठा वर, एक बोट बाजूला, बाकीची खाली. मॅडम म्हणाल्या, आजी, तुम्हाला बरीच माहिती आहे. मग मी कशाला थांबते! सांगितलं, माझा लेक रोज सकाळी गाडी सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खालच्या चाकापाशी वाकतो. चाक आणि रूळ यांच्या फटीत लोखंडी पट्टी घालून बघतो. घट्ट सरकली तर ठीक. सहज गेली तर चाक झिजलंय, गाडी बंद. मग रजिस्टरमध्ये सही. एक दिवस चुकला नाही.

मॅडमनी विचारलं, पट्टी कशी असते? म्हटलं, दाखवतेच की! पडदा सरकवला आणि खिडकीच्या फटीतून ओढून काढली. खिडकी लगेच खडखडायला लागली. लिहिणाऱ्याचं पेन थांबलं. मॅडम म्हणाल्या, ही इथे कधीपासून? म्हटलं, थंडी सुरू झाली तेव्हापासून. त्याचे कपडे धुताना खिशात मिळाली, आणि नेमकी या फटीच्या मापाची. त्याने विचारलं होतं एकदा, आई, माझी पट्टी पाहिलीस का? मी म्हटलं, नाही बाबा. कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागत होती. पुन्हा विचारलं नाही त्याने. म्हणजे दुसरी मिळाली असणार.

मॅडमनी पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. चहा तसाच राहिला.

माझ्यामुळे लेकाची बाजू चांगली मांडली गेली. सुनेला अजून सांगितलं नाही. आनंदाने रडेल.

७ मार्च.

ती बाई गेली. सकाळी. तिला दोन मुलं.

लेक बाथरूममध्ये नळ सोडून बसला. सून दाराशी उभी. मी म्हटलं, पाणी वाया जातंय. नको होतं म्हणायला.

साखर दोन चमचे.

८ मार्च, शनिवार.

मॅडम पुन्हा आल्या. माझं बोलणं टाइप करून आणलेलं, तीन पानं. वाचून दाखवलं. एक शब्द चुकला नव्हता. मी सही केली, पूर्ण नावाची, लपेटीसकट.

लेकाने ती पानं मागून घेतली. पट्टीपाशी आल्यावर थांबला. मला वाटलं, ओरडेल. मी म्हटलं, अरे, दुसरी मिळाली होती ना तुला? तो म्हणाला, नाही, आई. हरवली हे सांगायची भीती वाटली. नजरेनेच बघून सही करत होतो.

मग उठला, माझ्या खोलीत गेला, पडदा सरकवला आणि खिडकीच्या फटीत बोट घातलं. सहज गेलं. तसाच उभा राहिला. खिडकी वाजत होती.

मी काही बोलले नाही. निश्चय केल्यापासून आज पहिल्यांदाच पाळला.

सून त्याची बॅग भरतेय. दोन जोड कपडे, टॉवेल, चष्मा. बाकी काही चालत नाही म्हणाल्या मॅडम. मंगळवारी सकाळी अकराला त्याला न्यायला येणार आहेत.