‘नको’ लिहायला जागा नाही

६ एप्रिल, सोमवार
दिल्लीहून प्रश्नावली आली. हिंदी वाचून डोकं उठलं. ‘समतापमंडल में परावर्तक कणों का नियोजित अंतःक्षेपण.’ हे मी हातोद-देपालपुरकडच्या शेतकरी बायाबाप्यांना वाचून दाखवायचं! मलाच एका श्वासात होईना.

मेहराजींना फोन केला. प्रोजेक्ट त्यांचा. “मॅडम, आसान कर दीजिए, बस शब्द मत बदलिएगा.” वा.

शेवटी वहीत माझ्यापुरतं साधं लिहून ठेवलं : विमानं फार उंच जाऊन गंधकाचे बारीक कण सोडतील. त्यांच्यावरून थोडं ऊन माघारी फिरेल, खाली जमीन जरा थंड राहील. इतक्या मोठ्या प्रमाणात अजून कोणी केलेलं नाही. लोकांना काय वाटतं ते आधी विचारायचं. एवढंच तर आहे.

८ एप्रिल
मिलिंदवर ट्रायल. नवरा म्हणून काही उपयोग असावा.
“उन्हाळा कमी होऊन राहिलाय ना? मग हो लिही.”
“अरे, पावसाचं गणित बिघडू शकतं, ते ऐक तरी.”
“इथे शहरात, स्नेहलतागंजमध्ये कोण सोयाबीन पेरून राहिलंय, यार.”
पेपरमागे परत गेला. फॉर्मवर ‘पूर्ण समर्थन’. एक प्रतिसाद झाला म्हणे.

११ एप्रिल, शनि.
हातोद. पंचायतीच्या हॉलमध्ये बत्तीस माणसं, पंखे दोन, त्यातला एक फिरतो. दहा मिनिटांत सगळे तयार. “ठंडक हो जाएगी? बढ़िया है भिया, कराओ.” एकाने आधार कार्डाची झेरॉक्स आणली होती. एका आजोबांनी बाही वर केली. मी अंतःक्षेपणाला ‘इंजेक्शन’ म्हटलं होतं. चूक माझीच.

पावसाचं सांगितलं तेव्हा मात्र चुळबुळ झाली. मग चहा आला, आणि पुन्हा सगळे बढ़िया.

१५ एप्रिल, बुध.
देपालपुर. आज घाम फुटला, पण उन्हाने नाही.

गीताबाई. पन्नाशीच्या, बायकांचा बियाण्यांचा गट चालवतात. इतरांसारख्या लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पाणी कम पड्यो तो किको पूछां?”
मी म्हटलं, जबाब कोणी द्यायचा ते अजून ठरलेलं नाही.
“और चालू करके बीच में बंद कर दियो तो?”
खोटं बोलता येईना. तोवर अडवून धरलेली गरमी थोड्याच वर्षांत एकदम वर येऊ शकते, असं सांगितलं.
“मतलब एक बार शुरू की तो फिर छोड़ नी सकां.” मागे वळून बायकांकडे पाहिलं. मग फॉर्म हातात घेऊन नीट वाचला. “बेन जी, ना लिखवा की जगह कां है?”

मी पाहिलं. पूर्ण समर्थन. समर्थन. थोडं समर्थन. अधिक माहिती हवी.
आठवडाभर हा फॉर्म घेऊन हिंडतेय मी! आठवडाभर! आणि मला दिसलं नाही.

गीताबाईंसोबत गटातल्या अकरा जणींनी हात वर केले : ना. माझ्याकडे भरायला काहीच नव्हतं. कोरे फॉर्म पिशवीत टाकून परत.

१६ एप्रिल
मेहराजी : “जो मना कर रहे हैं उन्हें जानकारी कम है. चौथे में डाल दीजिए.”
मी म्हटलं, सर, त्या बाईंना माझ्यापेक्षा जास्त समजलंय.
“मॅडम, आप इमोशनल हो रही हैं.”
फोन ठेवून पोळ्या लाटल्या. सगळ्या जाड झाल्या. मिलिंदने दोन जास्तच खाल्ल्या, शहाणा.

१८ एप्रिल
टाकलं चौथ्यात. बारा फॉर्म. काल संध्याकाळची मुदत होती.

सकाळी गीताबाईंचा फोन. “म्हारी ना लिखी?”
“हाँ, लिख दी.”
तोंडातून गेलं. का गेलं? त्यांनी धन्यवाद म्हटलं वर.

२३ एप्रिल
ड्राफ्ट रिपोर्ट आला. देपालपुर : ‘प्रतिभागी सकारात्मक, अधिक जानकारी के इच्छुक.’ खाली सर्वेक्षक म्हणून माझं नाव. सही पाठवा म्हणतात.

मिलिंद : “कर सही आणि सोड. तुझ्या एका सहीने कोण विमान उडवून राहिलंय?”
“मग माझी सही मागतात कशाला?”
तो पेपर उलगडायला लागला.

२५ एप्रिल, शनि.
बस पकडून देपालपुरला गेले. गीताबाई अंगणात बी निवडत होत्या. सांगून टाकलं, की ना लिहिलेली नाही आणि फोनवर मी खोटं बोलले.
हात थांबला नाही त्यांचा. पाणीही विचारलं नाही. मान वर न करता म्हणाल्या, “उनने तो फारम में जगह नी दी. तमने भी नी दी.”
मी उभीच.
मग त्यांनीच आत जाऊन वहीचं पान आणलं. स्वतःच लिहिलं, अक्षर वळणदार. ‘हमको यह काम नहीं चाहिए, जब तक नुकसान का जवाब देने वाला सामने न बैठे.’ खाली सही केली, अकरा जणींना बोलावून त्यांच्या सह्या घेतल्या. पान माझ्या हातात देताना म्हणाल्या, “अब गुमा मत दीजो.”

२७ एप्रिल, सोम.
पानाचा फोटो मेहराजींना मेल केला. लिहिलं : हे बारा ‘नकार’ म्हणून मोजा आणि फॉर्म कसा होता तेही रिपोर्टमध्ये लिहा, नाहीतर माझं नाव काढा. सही करत नाही.

२९ एप्रिल
मेहराजींचं उत्तर. एकच शब्द. ‘नोटेड.’
नोटेड म्हणजे? छापणार की फाईलला लावणार? फोन उचलत नाहीत. ऑफिसातली मुलगी म्हणते, सर मीटिंगमध्ये आहेत. सकाळीही मीटिंगमध्ये, दुपारीही.

पाच वाजता गीताबाई. “कईं हुयो?”
“पता नहीं,” मी म्हटलं. “खरंच पता नहीं.” घाईत मराठी मिसळली.
“तो पूछो. मैं काल फेर फोन करूंगी.”
आणि उद्या करतीलच.