उघड्यावरचा भाव

सोम. २ मार्च १९५९
मार्केट यार्डात उघड्या लिलावाचा तिसरा आठवडा. आज करडईचे अकरा ढीग, दर ढिगाला बोलीचा एकच आवाज. पहिला शिवाप्पांचा. माझेच मेव्हणे, इथले बडे व्यापारी, पहिला दुसऱ्या कुणाचा कशाला असेल! दुसरा शेजारच्या दुकानवाल्याचा, तिसरा त्याच्या पलीकडच्याचा. पाळी लावलीय सरळ. मी आपला ओट्यावर उभा राहून ‘एक वार, दोन वार, तीन वार’. घसा बसला.
रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची रीत बंद झाली म्हणून गेल्या महिन्यात पेढे वाटले होते. मार्केट कमिटीचा माणूस म्हणून गावोगाव मीच सांगत फिरलो, आता भाव उघड्यावर होणार, आपल्या कानानं ऐका. ऐकतायत बिचारे.

बुध. ४
राजाबाई म्हणून एक धनगरीण, बेंबळीकडची. नवरा मेंढरं घेऊन लांब, शेती हिच्या अंगावर. दोन गाड्या करडई. इतका स्वच्छ माल यंदा बघितला नव्हता. बोली एकच, सोलापूरच्या भावापेक्षा कितीतरी खाली. मी ‘दोन वार’ म्हणालो तेवढ्यात बाई उठली.
“थांबा. म्या न्हाय देत.”
नियमात बसतं. विकणाऱ्याला नाही म्हणता येतं. तीन आठवड्यांत कुणी म्हणालं नव्हतं, एवढंच.
मग माझ्याकडं वळून, “तुमीच आला व्हता न्हवं गावात? उघड्यावर भाव हुतो म्हनून? मग ह्यांची तोंडं का शिवल्यात?”
व्यापारी हसले. मी वही चाळत राहिलो.

गुरु. ५
तिचा ढीग पुन्हा पुकारला. आज बोलीच नाही. तीनदा विचारलं. एकजण कानात काडी फिरवत होता, शिवाप्पा पान लावत होते. बाईला अद्दल घडवतायत. ती पोत्यावर बसून भाकरी खात होती, दीर बैल पाण्यावर घेऊन गेलेला.
किळस आली. त्यांची, आणि ओट्यावर उभ्या माझीही.
सोलापूरच्या एका तेलगिरणीचे खरेदीदार ओळखीचे आहेत. दुपारच्या गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली, या म्हणून. कमिटीच्या सेक्रेटरींना विचारलं नाही.

शनि. ७
आले! चार दाणे दाताखाली फोडले, म्हणाले, “माल फर्स्टक्लास.” आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं भाव सांगितला. मग बाकीचे शेतकरी गोळा व्हायला लागले. मला वाटलं, आता...
सेक्रेटरी बाहेर आले. “लायसन आहे का तुमच्याकडं? लायसनवाल्यालाच बोली लावता येते.” लायसनची दरख्वास्त कमिटी मंजूर करणार. कमिटीत कोण? हेच सगळे. बैठक कधी? पाडव्यानंतर.
खरेदीदार संध्याकाळच्या गाडीनं परत. जाताना म्हणाले, “तुमचा बाजार खुला आहे म्हणून ऐकलं होतं.” मान वर झाली नाही माझी.

रवि. ८
शिवाप्पा जेवायला. सौ.नं भावासाठी पोळ्या केलेल्या. जेवता जेवता मी त्यांनाच विचारलं, अप्पा, तुम्ही सगळे ठरवून गप्प बसता ना?
चिडले नाहीत. तूप मागून घेतलं. “दाजी, ऐका. रुमालाखाली होतं तेव्हा कोण किती बोट दाबतोय ते दुसऱ्याला दिसायचं न्हाय. चांगला माल दिसला की मी गुपचूप चढवायचो, शेजारीही चढवायचा. आम्ही एकमेकाला फसवायचो, त्यात कुणब्याचं भलं व्हायचं. आता उघड्यावर कुणी चढला की सगळ्यांना ऐकू जातं. कोण चढणार? कायदा तुम्हीच करून दिला.”
बरोबर बोलतात. हेच जास्त लागलं. ही अक्कल वर कुणालाच नव्हती? मला तरी कुठं होती.
निघताना म्हणाले, “चिठ्ठीचं मला कळलंय. सेक्रेटरींना अजून न्हाय सांगितलं. ही नोकरी कुणाच्या शब्दावर लागली ते इसरू नका.” सौ. दारातच होती. सगळं ऐकलं तिनं.

सोम. ९
सकाळी राजाबाईच्या दोन्ही गाड्या भरून फाटकाशी. सोलापूरला निघालेली. तिच्यामागं आणखी तीन गाड्या, आपापला माल परत भरून. फाटकावर मीच.
“जाऊ का?” म्हणाली. मी गप्प. “बोला की. रोज तर तीन तीनदा वरडताव.”
म्हणालो, जा.
तासाभरात सेक्रेटरींचं बोलावणं. तोलाई-हमाली न देता माल बाहेर गेलाच कसा, फाटकावर कोण होतं, लेखी रिपोर्ट द्या, बाईविरुद्ध तक्रारही तुम्हीच लिहा. म्हटलं, माल तोललाच नाही तर तोलाई कसली? “लिहा म्हटलं की लिहायचं.”

बुध. ११
उद्या दहा वाजता मुंबईहून सरकारी साहेब येणार, आमचा लिलाव बघायला. जिल्ह्यातला नमुनेदार म्हणून नाव गेलंय म्हणे.
म्हणून आज तालीम. खरोखर तालीम! झाडलोटीतल्या करडईचा एक ढीग केला आणि व्यापारी बोलायला लागले. शिवाप्पा एक आकडा, शेजारी त्यावर, तिसरा त्यावर. सोलापूरच्याही वर गेला भाव. काय रंगात आले होते सगळे! मीही जोरात पुकारत होतो, आवाज छान लागला आज.
मागं एक म्हातारा आपल्या एका पोत्याजवळ उभा होता. परंड्याकडचा असावा, बोलण्यावरनं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पोतं ओढत ओढत ओट्यापाशी आला आणि ओरडला, “दिला! म्या दिला ह्या भावाला!”
यार्ड हसून लोटपोट. सेक्रेटरी डोळे पुसत होते. मीसुद्धा हसलो. लिहून ठेवतो, मीसुद्धा हसलो.
म्हातारा सगळ्यांकडं बघत नुसता उभा. शेवटी मलाच विचारलं, “आता तर बोल्ले न्हवं?”
राजाबाईची काही खबर नाही. तुळजापूरच्या घाटात पाच गाड्या दिसल्याचं एक गाडीवान सांगत होता. सोलापूरच्या यार्डात तिला कुणी उभं करतं की नाही, देव जाणे.
रिपोर्ट उद्या साहेब यायच्या आत हवाय. ‘फाटकावर मी होतो’ एवढं लिहून झालंय. इथला लिलाव कसा चालतो ते साहेबांना मीच समजावून सांगायचं, असं सेक्रेटरींनी बजावलंय. शिवाप्पा तिथंच माझ्या शेजारी उभे राहणार आहेत.