पुढच्या खोलीबद्दल, 'सारखी' हा शब्द न खोडता

मी, कुलपं-किल्ल्या करणारा कारागीर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नाही, स्वतःच्या मनाने लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. ते एका ठिकाणी बसतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

१. राहतं घर, पुढची खोली वगळून, माझ्या मुलाला मिळावं. बँकेतली ठेवही त्यालाच. तो दातांचा डॉक्टर आहे आणि अजून दुसऱ्याच्या दवाखान्यात राबतो. ठेवीतून त्याने स्वतःची जागा बघावी.

२. कानशी, पकडी आणि किल्ल्या कापायचं यंत्र शेजारच्या सायकलवाल्याला द्यावं. शिडी मेव्हण्याकडे आहे. ती त्यालाच द्यावी, म्हणजे इतकी वर्षं ती त्याची नव्हती हे त्याला कळेल.

३. पुढची खोली, बाकं आणि फळ्यासह, माझ्या भाचीला मिळावी. तिथे माझी बायको इंग्रजीचा वर्ग घ्यायची. ती गेल्यापासून भाची घेते.

वकील म्हणतात, कारणं लिहू नका, भांडणं कारणांवरूनच होतात. तरी लिहितो. मध्येच उठून नळ बघून आलो. गळत नव्हता.

मुलाला त्या खोलीत दवाखाना हवा आहे. तो म्हणाला, "बाबा, आई गेली. रस्त्यावरची खोली बाकांसाठी अडवून काय मिळणार? उपमा-रूपकांनी कोणाचा दात निघत नाही."

बायको असती तर याचं उत्तर तिने दिलं असतं. म्हणून मी तिच्याच वर्गात जाऊन बसलो. समोरच्याला पटवायचं कसं, हा धडा चालू होता. फळ्यावर इथॉस, पॅथॉस, लोगॉस असं लिहिलेलं. मी विचारलं, "ही औषधं जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

भाची म्हणाली, "मामा, मागच्या बाकावर बसा."

मग तिने अर्थ सांगितला: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याचं मन, मुद्द्याचा तर्क. घरी येऊन मी ते मुलावर वापरून पाहिलं. "मी तुझा बाप आहे," म्हटलं. तो म्हणाला, "ते मला माहीत आहे." तर्कात तोच जिंकला. मनापर्यंत गेलोच नाही. जेवण आटोपून हात धुवायला उठलो.

पुढचा धडा उपमेचा होता. प्रत्येकाने मराठीत एक वाक्य लिहायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं. मी लिहिलं, "ती मला सारखी आठवते." भाचीने ते फळ्यावर उतरवलं आणि सवयीने 'सारखी'खाली रेघ ओढली.

"मामा, कशासारखी? उपमान राहिलं."

मुलं हसली. मी म्हटलं, "कशासारखीच नाही. सारखी म्हणजे सारखी. थांबतच नाही."

भाचीचा खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. तेव्हा मुलगा टेप घेऊन खोली मोजायला आला होता, दारात उभा होता. त्याच्या हातातली टेप सुटली आणि सर्रकन डबीत गेली. तो भाचीला म्हणाला, "वर्ग चालू दे. मी नंतर मोजतो." अजून मोजायला आलेला नाही. पण मला स्वस्थता नाही, कारण 'नंतर' म्हणजे माझ्यानंतर, असंही असेल.

४. वरचं तिसरं कलम मी मुलाला दाखवलं. वकील 'सारखी'चं वाक्य गाळायला सांगत होते, कायद्यात त्याला अर्थ नाही म्हणून. मुलगा म्हणाला, "राहू द्या ते." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मी काही कबूल केलेलं नाही." तसं तो लहानपणी औषधाची गोळी तोंडात धरूनही म्हणायचा.

तरी पुढे त्याला हरकत घ्यायची असेल, तर घ्यावी. फक्त आधी मागच्या बाकावर बसून तिसरं कलम मोठ्याने वाचावं.

५. पुढच्या खोलीच्या दाराला मी कधी कुलूप बसवलं नाही. बायकोने बसवू दिलं नाही. त्यामुळे त्या खोलीची किल्ली कोणी शोधू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

साक्षीदार: समोरचा शिंपी (सही). औषधांचा दुकानदार (सही).
मुलाला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असं वकील म्हणाले. तो तरी शेजारी उभा होता.

स्थळ: पुढची खोली. तारीख: आजची, वर्ग सुटल्यावर.