कोकीची फाइन मोटर

४ जानेवारी
कोकीच्या शाळेतून निरोप. मोहिनी मॅडम म्हणतात, पेन्सिल बोटांत टिकत नाही, अक्षर आडवं पडतं, पोरीचं फाइन मोटर स्किल कमी आहे. मोटर म्हटल्यावर मी कान टवकारले. अख्खा जन्म केळीच्या बागेत मोटरी दुरुस्त करण्यात गेला. मोबाइलवर बघितलं तर ही मोटर बोटांतली निघाली. हरकत नाही. मोटर ती मोटर.

सूनबाई चारुलता म्हणाली, मार्चपासून हँडरायटिंगचा क्लास लावू, संध्याकाळी पाच ते सहा.

पाच ते सहा! तेव्हा मी आणि नात मेहरूण तलावावर बगळे बघायला जातो. बाकी दिवसभर माझ्याशी बोलतं कोण? बेबाबाई बोलते, पण नवऱ्याशी बोलणं वेगळं आणि गप्पा वेगळ्या. ठणकावून सांगितलं, पोरीला मी तयार करतो. शेवटी असं ठरलं: २७ फेब्रुवारीला शाळेत मराठी दिन आहे. आजोबांनी वाक्य सांगायचं, नातवंडानं फळ्यावर लिहायचं. नीट लिहिलं तर क्लास रद्द. नाही तर माझे पाच ते सहा गेले.

मी स्वतः शाळेत फार टिकलो नाही. दुकानांच्या पाट्या वाचत शिकलो. शिकवायला असाच माणूस लागतो.

५ जानेवारी
नियम पहिला. मी बोलेन तेच लिहायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. कोकीनं विचारलं, तेच म्हणजे तेच का, आबा? म्हटलं, तेच म्हणजे तेच. हसली. गुणी पोर.

९ जानेवारी
चिमटे दाबायचा व्यायाम. दोरीवरचे सगळे चिमटे काढून दिले. वारं सुटलं. चारुलताचा ड्रेस शेजारच्या नवीनभाऊंच्या टाकीवर सापडला. दुपारी मी आडवा झालो असताना कोकीनं माझ्या दोन्ही कानांना चिमटे लावले. पकड सुधारते आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
कणीक मळायचा व्यायाम. कणकेचा साप झाला. साप बेबाबाईच्या उशाखाली गेला. पुढचं लिहीत नाही.

संध्याकाळी बेबाबाईनं पोरीला शेजारी बसवून हरभऱ्याचे घाटे सोलायला लावले, मग देवाच्या वाती करायला कापूस दिला. मला म्हणाली, तुमचं शास्त्र राहू द्या, पोरीले कामाले बसू द्या. आता रोज हेच चालणार म्हणे. असा वेळ फुकट गेला तर मोटर दुरुस्त व्हायची कधी?

२५ जानेवारी
अक्षर एकदम गोल, ठसठशीत. चिमटे लागू पडले.

पण नवीन बिघाड. मी तोंड पूर्ण उघडून, स्पष्ट सांगितलं: केळं. तिनं लिहिलं: केयं. डोळा सांगितलं, डोया लिहिलं. फळा सांगितला, फया लिहिला. अक्षर मोत्यासारखं, पण ळ औषधाला नाही. निदान केलं. ळ ला दोन वेटोळी. पोरीची मोटर पहिल्या वेटोळ्याला फिरते, दुसऱ्याला लोड घेते आणि बंद पडते.

३ फेब्रुवारी
वेटोळ्यांची मोहीम. जिलबी आणली. जिलबीवरून बोट फिरवायचं, हात आपोआप वळतो. कोकीनं बोट फिरवलं आणि खाल्ली. नमुना म्हणून मीही खाल्ल्या. बेबाबाईनं कपाटातून माझा शुगरचा रिपोर्ट काढून ताटाशेजारी ठेवला.

नंतर अंगणात कोकीनं रांगोळीनं ळ काढला. गुबगुबीत! लगेच कागद दिला, म्हटलं, लिही: तळं. लिहिलं: तयं. म्हणजे जमिनीवर येतो, कागदावर येत नाही. कागद बदलायला हवा.

१२ फेब्रुवारी
कागद बदलला. फरक नाही.

चारुलता चाळीसगावची. जेवताना सहज विचारलं, चाळीसगावला फोन केला का? तिनं ओढणीत तोंड खुपसलं. दर वेळी असंच होतं. माहेरचं नाव ऐकून डोळे भरत असतील.

कोकीचीही एक खोड. नुसतं कोकी म्हटलं की धावत येते. पूर्ण नावानं, कोकिळा अशी हाक मारली की इकडेतिकडे बघते आणि विचारते, ही कोण, आबा? माझ्या आईचं नाव, हट्टानं ठेवलेलं. आजकालच्या पोरांना जुनी नावं आवडत नाहीत.

२६ फेब्रुवारी
उद्याचं वाक्य ठरलं: जळगावची केळी पिवळी. चारुलता काकुळतीला आली, आबा, सोपं घ्या ना, आई भाकरी करते, असं काहीतरी. म्हटलं, फुल लोड दिल्याशिवाय मोटरीची परीक्षा होत नाही. कोकीला विचारलं, जमेल? म्हणाली, तुम्ही सांगाल तसं.

२७ फेब्रुवारी, दुपार
हॉल भरलेला. मी नवा सदरा घालून माइकवर वाक्य सांगितलं. कोकीनं टाचा उंचावून लिहिलं. काय अक्षर! छापल्यासारखं:

जयगावची केयी पिवयी.

पुढच्या खुर्च्यांतले आईबाप हसू दाबायला लागले. आमच्या आजोबांच्या रांगेत मात्र कुणाला चूक दिसेना. रावेरकडचे एक नाना मोठ्यानं म्हणाले, बराबर तं लिहिलं पोरीनं! सगळ्या रांगेनं माना डोलावल्या.

मॅडमनी विचारलं, कोकिळा, हे काय गं? पोरीनं लगेच ओ दिली. वर म्हणाली, आबा बोलले तेच लिहिलं. तेच म्हणजे तेच. मग मॅडमनी स्वतः ते वाक्य म्हटलं. कोकीनं तळहातानं तीन अक्षरं पुसली आणि तिथं तीन ळ काढले. जिलबीसारखे. टाळ्या.

माइक खराब होता. स्वस्तातला माइक ळ खातो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मॅडमनी पोरीच्या बोटांचं कौतुक केलं, विचारलं, घरी काय सराव केला? पोर म्हणाली, आजीसोबत घाटे सोलले, वाती केल्या. चिमट्यांचं नावसुद्धा काढलं नाही.

चारुलता म्हणाली, आबा, ळ तिला कधीचा येतो. तुम्ही ळ च्या जागी य म्हणता. तिचा क्लास रद्द, पण पाच ते सहा क्लास होणार. कोकी तुमचा घेईल.

बेबाबाई म्हणाली, मोटर पोरीची नव्हती बिघडेल, तुमची बिघडेल होती.

पोरीचं मन मोडू नये म्हणून मी हो म्हटलं.

१ मार्च
तलावाच्या काठावर पहिला तास. मास्तरीण कडक. जीभ मागे दुमडून टाळूला टेकवायची. बगळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, म्हणा. म्हटलं. बगळे उडाले. म्हणाली, नीट म्हटलं असतं तर थांबले असते.

तिचाही नियम पहिला. आता कोकी चालणार नाही. पूर्ण नावानं बरोबर हाक मारली तरच ओ, आणि तरच तलावावर.

२ मार्च
सकाळपासून सराव. आरशासमोर, नळाखाली, मोरीत. ळ आता पक्का.

पाच वाजता दारात उभा राहिलो. स्वच्छ, खणखणीत हाक मारली: कोकिळा! ओ नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्यांदा नवीनभाऊंनी खिडकीतून डोकावलं, पण पोर नाही. शेवटी दार ओढलं तर दारामागेच उभी, पायात चपला, ओंजळीत तोंड, खांदे हलताहेत.

हाताच्या अंतरावर असून हाक पोचली नाही. पोरीला ऐकू कमी येतं. कानाची काही फाइन मोटर असते का, मोबाइलवर बघतो.