शोभाची गाठ, माझं कार्ड

३ फेब्रु., सोम.
मिरच्यांची देठं काढता काढता शोभानं सांगितलं. छातीत डाव्या बाजूला गाठ आहे, दिवाळीपासून. माझी धाकटी जाऊ, खालच्याच खोल्यांत राहते, दोन वेळचा चहा माझ्याकडे, आणि दिवाळीपासूनची गोष्ट आज सांगते. चिडले. "दुखत नाही ना बाई, मंग कावून सांगू?" म्हणे. दिलीपला, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही माहीत नाही. तो हथखोजच्या कारखान्यांत ठेक्यावर वेल्डिंग करतो, त्याला माझ्यासारखं दवाखान्याचं कार्डबिर्ड काही नाही. सरकारी दवाखान्यात जायला ही तयार नाही. तिथे आपल्या वस्तीतलं, कॅंप-१ मधलं कोणी ना कोणी भेटतंच म्हणे.
गुरुवारी फॅक्टरीच्या हॉस्पिटलात माझी मॅमोग्राफी आहे, छातीचा फोटो काढतात ती. दर वर्षी असते, चाळिशीच्या वरच्या कामगार बायांची. म्हटलं, माझ्या कार्डावर तू जा.
यात आमच्याकडे नवीन काही नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून हेच, कार्ड एकाचं आणि दवाखाना सगळ्या खानदानाचा. नणंदेचा चष्मा माझ्याच नावावर निघालाय.

६ फेब्रु., गुरु.
झालं. फोटोवरून कोणी अडवलं नाही. कार्डावरचा फोटो अठरा वर्षांपूर्वीचा, त्यात मीच मला ओळखत नाही. सिस्टरनं "सुनंदा मेश्राम" पुकारलं आणि सवयीनं मीच अर्धी उठले. शोभानं पदर ओढून खाली बसवलं.
बाहेर आली ती हसत. पुरीच्या मशीनमध्ये गोळा दाबतात तसं दाबते म्हणाली. जुनी फिल्म मागितली म्हणून तिनं फाइलमधली काढून दिली. फाइल माझी, फिल्म माझी. कोणाला काही कळलं नाही.
येताना दोघींनी ठेल्यावर गुपचुप खाल्ले, म्हणजे पाणीपुरी.

११ फेब्रु., मंगळ.
हॉस्पिटलचा फोन. सुनंदा मेश्रामनं डॉक्टरांना भेटून जावं. फोनवर आणखी काही सांगेनात. शोभा म्हणते, तुमीच जा, ऐकून या. मलाही ते बरोबर वाटलं, बोलावणं माझ्याच नावाचं. उद्या हाफ डे टाकलाय.

१२ फेब्रु., बुध.
लिहायला लाज वाटते, तरी लिहिते.
डॉक्टरीणबाईंनी दोन फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावल्या. मागच्या वर्षीची साफ. या वर्षीच्या फिल्ममध्ये डावीकडे पांढरा डाग, कडा वेड्यावाकड्या. "एक साल में इतना," म्हणाल्या आणि मला टेबलावर झोपवलं. हातानं गाठ शोधायला लागल्या. सापडेना. कूस बदलायला लावली, हात डोक्यावर घ्यायला लावला, पुन्हा शोधली. मी छताच्या पंख्याकडे बघत पडलेली. ती बाई माझ्या अंगात शोभाची गाठ शोधत होती आणि मी शोधू देत होते.
शेवटी विचारलं, "ये फिल्म आपकी ही है?"
"मागची माझी," मी म्हटलं. मराठीतच निघालं. मग हिंदीत सगळं सांगितलं.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, दोन बायांच्या फिल्म जोडून मी एकीचा आजार वाचत बसले होते. तपासायचा तुकडाही तुमच्याच नावानं गेला असता, पुढची औषधंही. तिला तिच्या नावानं सरकारीत न्या, चिठ्ठी देते, उशीर करू नका. फॅक्टरीला कळवावं लागेल, हेही सांगितलं. कळवा म्हटलं.
दारापर्यंत आले तेव्हा म्हणाल्या, या वर्षी तुमची तपासणी झालेलीच नाही. खरंच की. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

१३ फेब्रु., गुरु.
शोभाला डागाचं सांगितलं, कडांचं सांगितलं, अजून नक्की काही नाही हेही सांगितलं. ऐकून घेतलं. सरकारीत स्वतःचं नाव लिहावं लागेल म्हटलं, तर उठून खाली गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी. अर्ध्या तासानं वर आली.
"तुमच्या नावावर होतं तवा मले झोप येत होती, बाई. माह्यं नाव लिहिलं का मंग ते माह्यंच होते."
मोठं काम केलं म्हणून आठवडाभर मनातल्या मनात मिरवत होते. मी तिला फक्त लपायला जागा दिली होती. ती गेल्यावर खूप रडले.

१६ फेब्रु., रवि.
विहारात वंदना झाल्यावर बाहेर दिलीपला सांगितलं. शोभाला विचारूनच. तिच्यासमोर नको, एवढीच तिची अट.
"मले कावून नाही सांगितलं तिनं?" म्हणाला. मग चपला घातल्या आणि तिथंच उभा राहिला. लोक बाजूनं जय भीम करून जात होते, तो हात जोडत होता.
मंगळवारी सुट्टी घेतो म्हणाला. शोभा अजून नाहीच म्हणते.

१७ फेब्रु., सोम.
नाही म्हणते. चिठ्ठी तिच्या देव्हाऱ्यात, आपलं, बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवून आले. बघेल येता-जाता.

१८ फेब्रु., मंगळ.
सकाळी खाली गेले तर साडी नेसून बसलेली. "चला," म्हणाली, जसा मीच उशीर केला.
खिडकीवर दिलीप फॉर्म भरायला लागला. तिनं पेन घेतलं आणि नाव स्वतः लिहिलं. मग तिघं बाकावर. कॅंपातली एक ओळखीची दिसलीच, दोघी एकमेकींकडे बघून न बघितल्यासारख्या.
"शोभा दिलीप मेश्राम" पुकारलं. ती उठली नाही. दिलीप फरशीकडे बघत होता. दुसऱ्यांदा पुकारलं. माझे गुडघे हलले असणार.
"तुमी नका उठू," म्हणाली. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि आत गेली.
सुई टोचून तुकडा घेतलाय. रिपोर्ट दहा दिवसांनी. येताना गुपचुपचा ठेला लागला, थांबलो नाही.
माझ्या राहिलेल्या तपासणीची तारीख सोमवारची मिळाली. कोण सोबत येणार विचारत होते घरात. शोभा म्हणाली, मी येतो, बाहेर बाकावर बसतो.