विणलेले पत्ते

माय, "मन्ही पोर चुकत नही," असं तू म्हणाली होतीस. सुरतला, नवागामच्या आपल्या खोलीच्या दारात, पंचिंगवाल्या शेठसमोर. बाहेरच्यांशी तू मोडकंतोडकं हिंदी बोलायचीस, पण घाबरलीस की घरच्या बोलीत जायचीस, तशी त्या दिवशी गेलीस. मग हिंदीतही सांगितलंस, "मैं देख रही थी." मी तुझ्या पाठीमागे तुझा पदर मुठीत धरून उभी होते, नऊ वर्षांची. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. गेल्या रविवारी तेच वाक्य मी पुन्हा ऐकलं, गुजरातीत, माझ्या मुलीच्या तोंडून. तेव्हापासून ऑफिसात डबा उघडते आणि तसाच बंद करते. म्हणून लिहायला बसले.

तुला हसू येईल, मी पत्ते खेळायला गेले होते. जुगाराचे नव्हेत. तुझी नात कॉलेजला गेल्यापासून हा खेळ खेळते. प्रत्येकाचा साठ पत्त्यांचा आपला गठ्ठा असतो, त्यात लढणारे प्राणी असतात आणि त्यांना ताकद देणारे पत्ते असतात. ताकदीचे पत्ते हाती आले नाहीत तर प्राणी नुसते बघत बसतात. सगळे ताकदीचेच आले तर लढायला कुणी नसतं. सारी मजा, आणि सारी भीती, पुढचा पत्ता कोणता येईल यात. अडाजणच्या एका दुकानात तिघातिघांच्या टीमची स्पर्धा होती. जिंकणारी टीम अहमदाबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार. तिच्या टीममध्ये ती, तिची एक मैत्रीण आणि आणखी एक मुलगी होती. त्या तिसरीला कावीळ झाली. दीड वर्षं माझ्याशी गरजेपुरतं बोलणारी माझी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, तू बसशील?" मी कणीक मळत होते. तशाच हातांनी हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी त्या दारात आली नसती, असं मला वाटलं.

तीन आठवडे त्या दोघींनी मला शिकवलं. नियम आले, पण पत्ते पिसता येईनात. तुला कारण माहीत आहे. आपल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत शेठच्या पंचिंग मशीनवर भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते पसरलेले असायचे, मागावर फूल उमटवणारे, प्रत्येकावर पेन्सिलीचा आकडा. मी एकेक क्रमानं उचलून द्यायचे आणि तू दोरीनं ते एकमेकांना शिवत जायचीस, लांबच लांब माळ होईपर्यंत. "एक पत्ता चुकना का आखं फूल फाटनं," हे तू इतक्यांदा म्हणायचीस की मला झोपेतही आकडे दिसायचे. आता मी ज्या ऑफिसात साड्यांची डिझाइनं काढते, तिथून फूल पेनड्राइव्हमध्ये बसून मागावर जातं. तसले पत्ते आता कुणी शिवत नाही. पण माझे हात तिथंच राहिले आहेत. डाव संपला की नकळत मी पत्ते लावून ठेवायचे, दोन प्राणी, एक ताकद, दोन प्राणी, एक ताकद. वरून दोनदा हात फिरवायचे की झालं.

मैत्रिणीनं ते पाहिलं. "आंटी, आने वीविंग कहेवाय. ना चाले."

"सुरतमध्ये वीविंग चालत नाही?" मी म्हटलं.

माझी मुलगी हसली, माय. डोकं मागे टाकून, तू हसायचीस तशी. मग गंभीर होऊन तिनं समजावलं की असे विणल्यासारखे पत्ते लावून ठेवणं म्हणजे फसवणूक. चांगले सात-आठ वेळा पिसायचे, समोरच्याला शंका नको. मी मान डोलावली. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

रविवारी आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत पोचलो, ते त्या दोघींमुळे. शेवटच्या फेरीत तिघी एका रांगेत, समोर तिघं. मैत्रीण जिंकली, माझी मुलगी हरली, आणि सगळं माझ्या टेबलावर आलं. एक डाव माझा, एक समोरच्या तरुणाचा, तिसरा बाकी. आपापले खेळ संपलेले लोक आमच्याभोवती गोळा झाले. माझ्या मुलीनं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. कानात मागाचा खडखडाट सुरू झाला आहे, आणि मी खाली बघते तर माझे हात पत्ते लावत आहेत. दोन, एक. दोन, एक. मला दिसत होतं, माय. हात थांबवता आले असते. पण पुढचा पत्ता माहीत नसण्याची मला इतकी भीती वाटली की मी थांबवले नाहीत. वरवर दोनदा पिसल्यासारखं केलं आणि गठ्ठा पुढे सरकवला. समोरच्यानं तो नुसता अर्धा कापून परत दिला. मोठ्या बाईचा मान म्हणून असेल.

दर तिसरा पत्ता ताकदीचा येत गेला. सहाव्या खेपेला त्यानं आपले पत्ते पालथे ठेवले, मला म्हणाला, "सॉरी हां, आंटी," आणि हात वर करून पंचाला बोलावलं. पंच म्हणजे पंचविशीचा पोरगा, पण तो आला तेव्हा मला त्याच्या पायांत शेठची करकरणारी चप्पल ऐकू आली.

त्या दिवशी शेठच्या एका हातात आपली माळ होती आणि दुसऱ्या हातात साडीच्या काठाचा तुकडा. माळ मागावर फिरत राहते, म्हणून चूक एकदाच होत नाही, दर फुलाला होते. प्रत्येक फुलाच्या त्याच पाकळीवर तोच चरा. "आ पत्तुं कोणे नाख्युं?" त्यानं विचारलं. मोठी माळ असली की अर्धी तू शिवायचीस, अर्धी शेजारच्या खोलीतली परभणीकडची मावशी. तुम्ही एकमेकींच्या बोलीला हसायच्यात. पत्ते दोघींना मीच उचलून द्यायचे. नको असलेला पत्ता मावशीच्या अर्ध्यात निघाला होता. मावशी म्हणाली, "म्या न्हाई घातला, शेठ. पोरगी देत होती. तिला इचारा की." आणि तू म्हणालीस ते वाक्य. शेठनं मावशीचं काम बंद केलं. महिन्याभरात ती खोली सोडून सुरतेबाहेर सचिन गावी गेली, जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. दोरीनं माझी बोटं कापायची म्हणून तिनं साडीच्या चिंधीची टोपी शिवून दिली होती, अंगठ्याएवढी. त्या दिवशी ती माझ्या अंगठ्यावरच होती.

तो पत्ता मी घातला होता, माय. तुझ्या गठ्ठ्यातला. तू पुष्कळ पुढे शिवून गेल्यावर तो मला माझ्या मांडीखाली सापडला. तुला सांगितलं असतं तर सगळं उसवावं लागलं असतं, आणि तू आधीच दोनदा ओरडली होतीस. मी त्याच्यावरचा आकडा थुंकीनं पुसला आणि तो मावशीच्या गठ्ठ्यात सरकवला. एकूण मोजणी बरोबर भरली, आणि तुझ्या अर्ध्यात कमी पडलेली एक ओळ कुणाच्या नजरेत आली नाही.

पंचानं विचारलं, "आंटी, शफल किया था ना ठीक से?" मी हातातले पत्ते पालथे ठेवले. आणि माझ्या पाठीमागून माझी मुलगी बोलली, ठाम, मोठ्यानं. "मम्मीए शफल कर्युं छे. में जोयुं छे."

मला वाटलं, मी मागे वळले तर तिथं तू दिसशील. पंच तिच्याकडे बघत होता आणि विश्वास ठेवायला तयार होता. समोरचा तरुण ओशाळा झाला होता, उगाच बोललो असं त्याच्या तोंडावर आलं होतं. आणखी एक क्षण गप्प बसले असते तर तोच खोटा ठरला असता. मी म्हटलं, "नाही. मी लावून ठेवले होते." यात शौर्य काही नव्हतं. पंचापेक्षा मला त्या वाक्याची जास्त भीती वाटली, एवढंच.

डाव गेला, फेरी गेली, अहमदाबाद गेलं. मैत्रीण म्हणाली, "होय, आंटी, चाले," म्हणजे असू दे, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. स्कूटीवर माझी मुलगी मागे बसली, पण तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही, मागचा दांडा धरला. दिंडोलीच्या पुलावर आल्यावर वाऱ्यात तिचा आवाज आला. "तू कशाला बोललीस?"

मी म्हटलं, "तू खोटं का बोललीस? तू तर बघितलंही नव्हतंस."

"बघितलं होतं," ती म्हणाली. "दोन, एक, दोन, एक. मने खबर हती. म्हणून तर बोलले."

मला स्कूटी बाजूला घ्यावी लागली. ती उतरली, समोर येऊन उभी राहिली आणि विचारू लागली, "मम्मी, काय होतंय?" तिला वाटलं मी तिच्यावर रागावले आहे. तिला काय सांगू? इतकी वर्षं मी समजत होते की तुला मी फसवलं. तू भोळेपणानं माझी बाजू घेतलीस असं धरून चालले होते, आणि त्या भोळेपणावरच माझं सगळं उभं होतं. "मैं देख रही थी," म्हणालीस, ते खरंच होतं तर. त्यानंतर तू मला कधी दुसऱ्या कुणाचे पत्ते उचलू दिले नाहीस. मावशीच नव्हती, म्हणून, असं मला वाटायचं.

चार दिवस झाले, मुलगी पुन्हा गरजेपुरतं बोलते. काल मात्र तिनं आपला गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि "पीस," एवढंच म्हणाली. मी पिसत होते, ती मोजत होती. सातव्या वेळेला माझ्या हातातून पत्ते सांडले आणि जमिनीवर पसरले, उलटेसुलटे. मी उचलायला वाकले, पण क्रमानं उचलू की कसेही, या भीतीनं हातच पुढे जाईना. मग ती खाली बसली आणि तिनंच ते कसेही गोळा केले.

मावशीही गेली, तुझ्यानंतर चार वर्षांनी. सचिनहून कुणीतरी सांगितलं. तिला शोधून काढून सांगायला माझ्याकडे तेवढी वर्षं होती, आणि मी गेले नाही. आता तूच तिच्या जवळपास असशील, म्हणून विचारते. तिच्याकडे जा आणि सांग, "पत्ता पोरीनं घातला होता आणि मी बघत होते." माझं नाव घेऊन सांग. तू पदर खोचशील आणि "मन्ही पोर चुकत नही," तेच वाक्य पुन्हा म्हणशील, मला ठाऊक आहे. तरी, माय, एकदा सांग.